हाली, कलदार आणि डॉलर

देगलूरच्या बाजारात कुणी शंभराची नोट पुढे केली, तर दुकानदार ती एकदा उजेडात धरून पाहतो आणि गल्ल्यात टाकतो. ही नोट कुठल्या मुलखाची, असे तो विचारीत नाही. तीच नोट घेऊन आपण तेलंगणात निजामाबादला गेलो किंवा कर्नाटकात बिदरला गेलो, तरी ती चालते. आपल्याला यात काही नवल वाटत नाही. पण आपल्या आजोबा-पणजोबांना वाटले असते.

कारण त्यांच्या काळी रुपये दोन होते.

देगलूर तेव्हा निजामाच्या हैद्राबाद संस्थानात होते. संस्थानाचा रुपया वेगळा. त्याला हाली सिक्का म्हणत. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. या रुपयावर चारमिनारची छाप असे. एखाद्याच्या घरी जुन्या पेटीत असे नाणे अजून सापडेल. १९१८ सालापासून संस्थानाने स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या. संस्थानाच्या हद्दीपलीकडे सोलापूर, बार्शी हा इंग्रजांचा मुलूख. तिथला रुपया तो कलदार. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार.

दोघांचेही नाव रुपया, पण किंमत एक नव्हे. बराच काळ दर असा होता, की ७ हाली दिले की ६ कलदार मिळत. शंभर कलदार हवे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत.

समजा, आपल्या भागातल्या एका कास्तकाराने कापूस विकला आणि त्याला ७० हाली मिळाले. त्याला बार्शीकडे बैल घ्यायचा आहे. बैलाची किंमत ६० कलदार. हिशेबाने पैसे बरोबर जुळतात. पण तो सराफाकडे गेला, की सराफ म्हणणार, "अदलाबदलीचा बट्टा द्यावा लागेल." एक-दोन रुपये तिथेच गेले. आता बैलाला पैसे कमी पडतात. कास्तकाराने कापूस कमी पिकवला नाही, बैलही महागला नाही. तरी त्याला तोटा झाला. का? तर जे नाणे बाहेर चालते ते दुसऱ्याचे, आणि आपल्याला ते विकत घ्यावे लागते.

मंडळी, ही जुनी गोष्ट आम्ही उगाच सांगत नाही. आज साऱ्या जगाचा कारभार याच तऱ्हेने चालला आहे. आपला रुपया आता हालीच्या जागी आहे. कलदाराच्या जागी बसला आहे अमेरिकेचा डॉलर.

डॉलर आपल्या घरात कसा येतो?

तुम्ही म्हणाल, "आम्ही डॉलर कधी डोळ्यांनी पाहिला नाही. आमचा त्याचा काय संबंध?"

संबंध आहे. घरात भजी तळायला जे तेल येते, त्यात पुष्कळदा पामतेल असते. ते इंडोनेशिया आणि मलेशिया या देशांतून येते. ट्रॅक्टरमध्ये डिझेल घालतो, त्याचे कच्चे तेल बहुतेक सारे परदेशातून येते. शेतात पोटॅश टाकतो, तेही बाहेरचे. या मालाचे पैसे आपला देश बहुतकरून डॉलरमध्ये चुकते करतो. गंमत पाहा. इंडोनेशिया डॉलर छापत नाही, आपणही छापत नाही. तरी दोघांच्या देण्याघेण्यात डॉलर मध्ये उभा असतो.

आता हिशेब करू. समजा, एका मापाच्या तेलाला एक डॉलर पडतो. डॉलर ८० रुपयांना असेल, तर तेल ८० रुपयांना पडले. डॉलर ८८ रुपयांना गेला, तर तेच तेल ८८ रुपयांना पडले. तिकडे तेल महागले नाही, पण इकडे महागले.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. डॉलर महागला की सगळ्यांचाच तोटा होतो असे नाही. बाहेरचे तेल महागले की आपल्या सोयाबीनच्या भावाला थोडा आधार मिळतो. मोंढ्यात सोयाबीन विकणाऱ्या धन्याला बरे वाटते आणि तेलाची पिशवी घेणाऱ्या धनिणीला जड जाते. दोघे एकाच घरातले! पण डॉलर कधी चढेल आणि कधी उतरेल, हे दोघांच्याही हाती नाही. ते पुष्कळसे अमेरिकेत ठरते. तिथल्या मोठ्या बँकेने व्याज वाढवले, की जगभरचा पैसा जास्त व्याजासाठी तिकडे धावतो आणि इतर देशांची नाणी खाली येतात. तो निर्णय अमेरिकेच्या सोयीने होतो. देगलूरच्या सोयीने होत नाही.

गंगाजळी म्हणजे काय?

शहाणा कास्तकार सारी ज्वारी विकून टाकीत नाही. थोडी पेवात ठेवतो. पाऊस दगा देईल त्या वर्षी ती कामाला येते. देशही तसेच करतो. बाहेरून माल आणायला लागणारे परकी चलन तो साठवून ठेवतो. या साठ्याला गंगाजळी म्हणतात. आपल्या देशाची गंगाजळी रिझर्व बँक सांभाळते. २०२५ साली ती ६०० अब्ज डॉलरहून जास्त होती.

पेव रिकामे झाले तर काय होते, हे आपण १९९१ साली पाहिले. तेव्हा जेमतेम दोन-तीन आठवडे माल आणता येईल एवढेच परकी चलन उरले होते. रिझर्व बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवून कर्ज काढावे लागले. घरची बाई अडचणीच्या वेळी अंगावरचा डाग सोडवून देते, तशी ती वेळ होती. त्याच वर्षी जुलै महिन्यात रुपयाची किंमतही दोनदा खाली आणावी लागली.

म्हणून प्रत्येक देश गंगाजळी ठेवतो. प्रश्न एवढाच, की ती कुणाच्या नाण्यात ठेवायची? आज जगातल्या साऱ्या देशांच्या गंगाजळीचा निम्म्याहून जास्त भाग डॉलरमध्ये आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त धान्य एकाच सावकाराच्या पेवात आहे.

हे असे कधी ठरले?

१९४४ च्या जुलै महिन्यात दुसरे महायुद्ध अजून चालू होते. अमेरिकेत ब्रेटन वुड्स या ठिकाणी ४४ देशांचे लोक जमले. युद्धानंतर जगाचा पैशाचा व्यवहार कसा चालावा, हे त्यांना ठरवायचे होते. आपला देश तेव्हा पारतंत्र्यात होता, तरी आपलेही प्रतिनिधी तिथे गेले होते. त्यांत एक मराठी माणूस होता. रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. रिझर्व बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले.

देशमुखांच्या मंडळींपुढे एक मोठे दुखणे होते. युद्धाच्या काळात इंग्रजांनी आपल्या देशातून धान्य, कापड आणि इतर पुष्कळ माल उचलला. पैसे रोख दिले नाहीत. लंडनमध्ये आपल्या नावाने पौंड जमा केले. ही रक्कम वाढत वाढत सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. इकडे माणसे उपाशी होती, बंगालात १९४३ साली लाखो माणसे दुष्काळात मेली, आणि तिकडे वहीत आपली शिल्लक वाढत होती. पण ती शिल्लक आपल्याला मनाला येईल तशी खर्च करता येत नव्हती. या पैशाची काही वाट काढा, असे आपल्या प्रतिनिधींनी त्या सभेत मांडले. त्या सभेत वाट निघाली नाही. पुढे स्वातंत्र्यानंतर करार होऊन हे पैसे हळूहळू मोकळे झाले. पण त्याआधी १९४९ साली इंग्रजांनी पौंडाची किंमत डॉलरच्या मानाने जवळजवळ एकतृतीयांशाने उतरवली. आपलाही रुपया त्याबरोबर खाली आला. अमेरिकेतून यंत्रे किंवा धान्य आणायचे म्हटले, तर आपली शिल्लक तेवढी तोकडी झाली.

यातून काय शिकायचे? दुसऱ्याच्या नाण्यात ठेव ठेवली, की तिची किल्ली दुसऱ्याच्या हाती राहते.

केन्स साहेबांची सावड

त्या सभेच्या आधी इंग्लंडचे एक मोठे अर्थपंडित केन्स यांनी एक वेगळी योजना मांडली होती. कोणत्याही एका देशाचे नाणे जगाचे नाणे करू नये, सर्वांनी मिळून एक हिशेबाचे नाणे करावे, असे त्यांचे म्हणणे. त्याचे नाव त्यांनी बँकोर असे ठेवले होते. हे नाणे खिशात ठेवायचे नव्हे. देशादेशांतला हिशेब वहीत लिहायचा, तेवढ्यापुरते ते.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. आपल्याकडे शेतीच्या कामात सावड असते. आज तुम्ही माझ्या रानात आलात, उद्या मी तुमच्या रानात येतो. पैसा मध्ये येत नाही. फक्त दिवस मोजायचे. बँकोर म्हणजे देशांच्या सावडीतले असे दिवस.

केन्स यांनी आणखी एक गोष्ट सुचवली होती. जो देश सारखा घेतच राहतो, त्याला दंड बसावा. पण जो देश सारखा विकतच राहतो आणि दुसऱ्याचा माल घेत नाही, त्यालाही बसावा. सावडीत एकच घर नेहमी काम देत राहिले आणि कुणाचे परत घेईना, तर बाकीची घरे कायमची मिंधी होतात. मग ती सावड राहत नाही, वेठ होते.

ही योजना मंजूर झाली नाही. जगातल्या सोन्याचा फार मोठा साठा तेव्हा अमेरिकेकडे होता. ज्याचे पेव भरलेले, त्याचा शब्द चालला. ठरले असे, की साऱ्या नाण्यांचे दर डॉलरशी बांधायचे आणि डॉलर सोन्याशी. ३५ डॉलर परत दिले, की कोणत्याही देशाच्या सरकारला अमेरिका एक औंस, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम सोने देईल.

हे कसे होते पाहा. गावात एक सावकार आहे. त्याच्या चिठ्ठीवर पेवातली ज्वारी मिळते. म्हणून लोक चिठ्ठ्यांवरच व्यवहार करू लागले. गाव वाढले, चिठ्ठ्या जास्त हव्या झाल्या. सावकाराने चिठ्ठ्या लिहिल्या. ज्वारी मात्र तेवढीच. चिठ्ठ्या कमी लिहिल्या तर गावाचा व्यवहार अडतो. जास्त लिहिल्या तर लोकांना शंका येते. शेवटी एक दिवस सावकार म्हणाला, "चिठ्ठीवर आता ज्वारी मिळणार नाही. चिठ्ठी तेवढी चालू द्या." डॉलरचे असेच झाले. १५ ऑगस्ट १९७१ या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले. पण तोवर जगाला डॉलरची सवय लागली होती. चिठ्ठी चालूच राहिली.

आता नवे नाणे काढावे काय?

नवे नाणे हवे, असे म्हणणाऱ्यांचे मुद्दे असे आहेत.

पहिला मुद्दा न्यायाचा. इतर देशांना डॉलर मिळवायला माल विकावा लागतो, घाम गाळावा लागतो. अमेरिका तो स्वतः काढते.

दुसरा मुद्दा धाकाचा. २०२२ साली रशियाने युक्रेनवर चढाई केली. तेव्हा अमेरिका, युरोप आणि त्यांच्या मित्रदेशांनी रशियाच्या गंगाजळीतले सुमारे ३०० अब्ज डॉलर किमतीचे धन अडकवून ठेवले. चढाई वाईटच. पण ते पाहून इतर देशांच्याही मनात आले, की उद्या आपले वाजले तर? आपल्या हैद्राबाद संस्थानातही असा पेच पडला होता. संस्थानाच्या ठेवीतले पुष्कळ रोखे भारत सरकारचे होते. १९४७ साली निजाम सरकारने भारताशी जैसे थे करार केला, आणि मग त्याच रोख्यांतले २० कोटी रुपयांचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ द्यायला काढले. संस्थानात भारताचा रुपया चालणार नाही, असाही हुकूम काढला. यावरून दोन सरकारांत मोठा वाद पेटला. वाद भारत सरकारशी, आणि ठेवीचा कागदही भारत सरकारचाच. तेव्हा पैशाचा प्रश्न नुसता पैशाचा राहत नाही.

तिसरा मुद्दा असा, की हे काम अगदीच अशक्य नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९६९ साली एसडीआर नावाचे हिशेबाचे नाणे काढलेही आहे. त्याला विशेष उचलहक्क म्हणतात. डॉलर, युरो, चीनचा युआन, जपानचा येन आणि इंग्लंडचा पौंड या पाच नाण्यांच्या भावांवरून त्याचा भाव ठरतो. २००९ साली चीनच्या मोठ्या बँकेचे गव्हर्नर चौ यांनी सुचवले, की हेच नाणे वाढवून जगाचे नाणे करावे. २०२१ साली महामारीच्या संकटात नाणेनिधीने सुमारे ६५० अब्ज डॉलर किमतीचे एसडीआर सर्व देशांना वाटले. पण वाटणी झाली ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे. श्रीमंतांचे हिस्से मोठे, म्हणून त्यांना जास्त. गरज होती त्यांना थोडे.

आता दुसरी बाजू ऐका.

साऱ्या जगात एकच नाणे करावे, असे कुणी म्हटले तर ते ऐकायला गोड वाटते. पण युरोपचा अनुभव पाहा. तिथल्या पुष्कळ देशांनी मिळून १९९९ साली युरो हे एकच नाणे सुरू केले. ग्रीस हा देश २००१ साली त्यात आला. २०१० च्या सुमारास ग्रीस कर्जात बुडाला. स्वतःचे नाणे असते तर त्याची किंमत उतरवून त्याला आपला माल स्वस्तात विकता आला असता. नाणे सामाईक, म्हणून तो मार्ग बंद. मग पगार कापले, पेन्शन कापली. लोकांचे हाल झाले.

तुम्ही विचाराल, "मग हाली सिक्का जाऊन कलदार आला, तेव्हा आमचे हाल का झाले नाहीत?" प्रश्न चांगला आहे. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आले. १९५० पासून भारताचा रुपया हालीच्या जोडीने चालू लागला. ७ ला ६ हाच दर धरला, आणि पुढच्या काही वर्षांत हाली सिक्का हळूहळू गेला. पण नुसते नाणे एक झाले नाही. राज्य एक झाले, खजिना एक झाला. त्या खजिन्यावर आपलाही हक्क झाला. १९७२ साली आपल्या मराठवाड्यात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा सरकारने जागोजागी कामे काढली. माणसांनी खडी फोडली, तलाव बांधले, सुकडी खाल्ली आणि जीव जगवले. तो पैसा काही आपल्या तालुक्याच्या करातून आला नव्हता. जिथे पिकले होते तिथून जिथे करपले होते तिथे आला. जगाला असा एक खजिना नाही. सारे देश मिळून दुष्काळी देशाला पोसतील, असे आज कुणी लिहून देत नाही. म्हणून सगळ्यांच्या खिशात एकच नाणे, ही गोष्ट आज नको.

आणि डॉलर सोडून दुसऱ्या एखाद्या बलाढ्य देशाचे नाणे डोक्यावर घ्यावे, यातही अर्थ नाही. एका सावकाराचे देणे फेडायला दुसऱ्या सावकाराच्या ओट्यावर जाण्यासारखे ते होईल.

आम्हाला काय वाटते?

आम्हाला असे वाटते. घरातले नाणे ज्याचे त्याचे असावे. पण देशादेशांतला हिशेब सामाईक वहीत, सामाईक मापाने व्हावा. केन्स साहेबांची सावड आज ना उद्या जगाला घालावीच लागेल. ती एका दिवसात होणार नाही. डॉलरच्या शेजारी ती हळूहळू उभी राहावी. पण तीन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत. वही कोण लिहिणार? वहीवर नजर कोण ठेवणार? आणि गरीब देशाच्या बोलण्याला किती वजन राहणार? हे न ठरवता नवे नाणे काढले, तर नाव बदलेल, बट्टा तोच राहील.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. चलन काढणाऱ्याच्या हाताला मर्यादा हवी, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. भाव भडकले की पहिला फटका मजुराला बसतो, हे त्यांना ठाऊक होते. तो मुद्दा रुपयाला लागू आहे, डॉलरला लागू आहे, आणि उद्याच्या जगाच्या नाण्यालाही लागू राहील.

तोवर आपण हातावर हात ठेवून बसू नये. २०२२ सालापासून रिझर्व बँकेने परदेशांशी रुपयात व्यवहार करण्याची सोय केली आहे. ज्या देशांशी जमेल त्यांच्याशी तसे करावे. तेलबिया आपल्या रानात जास्त पिकल्या, तर तेवढे डॉलर वाचतात. आणि पेव कधी रिकामे पडू देऊ नये.

हाली सिक्का गेला, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. सराफाच्या बट्ट्यातून देगलूरची सुटका झाली. पण ती नुसते नाणे बदलल्याने झाली नाही. खजिन्यावर आपला हक्क आला, म्हणून झाली. जगाच्या नाण्याची गोष्ट कुणी काढली, तर आपण हेच विचारावे, "नाणे राहू द्या. आधी सांगा, खजिन्यावर हक्क कुणाचा?"

विचार करा आणि शेजाऱ्याला सांगा

१. ७ हालीला ६ कलदार, या दराने ९० कलदारांना किती हाली द्यावे लागतील?

२. डॉलर महागला तर तुमच्या घरात कोणत्या गोष्टी महागतील? कोणत्या मालाला भाव मिळेल?

३. तुमच्या गावात सावड आहे काय? तिचा हिशेब कोण ठेवतो? तो चुकला तर कुणाला विचारता?